सुरमईचं डोकं

"फिरायला जायचं नवराबायकोनं, आणि डबे मांडीवर धरायचे म्हाताऱ्यांनी."

गंगाराम हे कोणाला उद्देशून बोलला नव्हता. मागच्या सीटवर त्याच्या मांडीवर चार खणांचा स्टीलचा डबा होता, पायांत पाण्याचा कॅन, आणि सोलकढीची बाटली आडवी ठेवली तर गळते म्हणून ती उभी धरून बसण्याचं कामही त्याच्याकडेच आलं होतं. त्याचं पुटपुटणं शेजारी बसलेल्या संध्याच्या कानापर्यंत तेवढं गेलं. तिने ते ऐकलंच नाही असं दाखवून खिडकीची काच आणखी चार बोटं खाली केली. बावन्न वर्षांत ती पहिल्यांदा नुसती फिरायला म्हणून घराबाहेर पडली होती. आजच्या दिवशी नवऱ्याच्या कुरकुरीला वेळ द्यायची तिची तयारी नव्हती.

खरं तर ही सहल चौघांची नव्हतीच. त्यांच्या सुनेने, वेदिकाने, महिनाभर मोबाइलवर बोटं फिरवून ती दोघांपुरती आखली होती. लग्नाला सात महिने झाले, त्यातले चार पावसात गेले आणि उरलेले पाहुणे जेवू घालण्यात. आता डिसेंबरचं कोरडं ऊन पडलंय, तर नवऱ्याने, सागरने, नुकतीच घेतलेली सेकंडहँड गाडी काढायची, मिरकरवाड्यातून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णेपर्यंत जायचं, मनाला येईल तिथे थांबायचं, आणि हॉटेलाची पायरी न चढता सगळं घरचं करून न्यायचं, असा तिचा बेत. मुक्काम तेवढा हर्णेच्या काशीआत्याकडे. बेत फसला तो तिथे. काशी गंगारामची थोरली बहीण, लग्नाला तिला येता आलं नव्हतं. तिने फोनवर सांगितलं की नव्या सुनेचं तोंड मी काय फोटोतच बघायचं का, आणि येणार असाल तर चौघं या, दोघंच आलात तर दार उघडणार नाही.

संध्याला वाटलं होतं, हे काही हलायचे नाहीत. गंगाराम एकतीस वर्षं तांडेल होता, सुकाणू धरून बोट नेणारा, खोल समुद्रात आठ-आठ दिवस राहिलेला, पण जमिनीवर त्याला बंदरापलीकडे कुठे न्यायचं तर हातापाया पडावं लागे. पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर तो ओट्यावरच्या खुर्चीचा झाला होता. आईच्या नावावरून नाव ठेवलेली त्याची बोट, 'ठमाई', सध्या दीपक नावाचा पगारी तांडेल चालवत होता. असा हा माणूस बहिणीचा फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाला, जाऊ या की. संध्याला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तिला मोरपंखी साडीला फॉल लावून घ्यायचा होता, त्या गडबडीत संशय राहून गेला.

आरे-वारेच्या चढावर सागरने गाडी बाजूला घेतली. खाली सगळा समुद्र पसरला होता, निळा, मग हिरवट, मग वाळूला लागून पांढरी किनार. संध्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. रोज पहाटे ती त्याच समुद्राच्या काठाला मासळीची पाटी लावून बसत होती, पण समुद्र वरून असा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. खालून तो नेहमी कामावर आल्यासारखा दिसे. इथून तो सुट्टीवर होता.

"आई, मागे बघा," वेदिका म्हणाली आणि तिने फोटो काढला. संध्याने डोक्यावर पदर घ्यायला हात उचलला, तोच फोटोत आला.

मालगुंडच्या पुढे गाडी पुन्हा थांबली. इथे बघण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेली पत्र्याची शेड, तिच्यामागे चार सुरूची झाडं आणि एक हातपंप. वेदिका म्हणाली, इथून देखावा छान दिसतो. मग दोघं उतरली, आणि संध्याने काचेतून पाहिलं तर सागर समुद्राकडे पाठ करून उभा होता. तो शेडची लांबी पावलांनी मोजत होता. एका कोपऱ्यात थांबून त्याने दोन्ही हात कमरेच्या उंचीवर धरले, तिथे काहीतरी आहे असे. बाईमाणसाला ते लगेच कळतं. त्याच्या डोळ्यांपुढे तिथे चूल होती.

"देखाव्याला किती वेळ लागतो?" गंगाराम म्हणाला.

"नवी जोडी हाय. लागतो," संध्या म्हणाली.

तिने पुढे विचारलं नाही. तिच्या घरात न विचारण्याचीच सवय होती, आणि तिचं मूळ आठ वर्षांमागे होतं. सागर तेव्हा एकोणीस वर्षांचा. पहिल्यांदा 'ठमाई'वर गेला तो पाचव्या दिवशी दुसऱ्याच एका बोटीतून परत आला, दोघांच्या खांद्यावर. पोटात पाण्याचा घोट राहत नव्हता, डोळे खोल गेले होते, आणि अंगणातल्या जमिनीवरही तो भिंत धरून उभा होता. चार दिवसांनी गंगाराम परतला आणि बंदरावर उभं राहून त्याने जमलेल्या माणसांना सांगितलं, पोट बिघडलं पोराचं, काहीतरी शिळं खाल्लंन. झालं. घराण्यात पाच पिढ्या तांडेल, तेव्हा पोट बिघडणंच शक्य होतं, दुसरं काही शक्य नव्हतं. त्यानंतर दोनदा प्रयत्न झाला आणि दोनदा पोटच बिघडलं. मग कारणं सुरू झाली. यंदा इंजिनाचा कोर्स आहे, यंदा बर्फाची आणि डिझेलची कामं बघायला घरचं माणूस हवं, यंदा लग्न आहे. कारण शोधायला सगळेच हातभार लावत. सागर बंदरावरची कामं चोख करी, बोटीवर पाय ठेवी तो बोट धक्क्याला बांधलेली असताना, आणि कोणी काही बोलत नसे.

दुसरी न बोलायची गोष्ट स्वयंपाकघरातली होती. पोरगा पहाटे उठून मासे करायचा. आधी आईला मदत म्हणून, मग आईपेक्षा बरं होतं म्हणून. वाडीतली त्याच्या वयाची पोरं जाळी ओढत असताना हा घरात खोबरं खवतोय हे बाहेर कळलं असतं तर हसायला वाडी पुरली नसती. लग्न झाल्यावर सोय झाली. कालवण उतरलं की संध्या मोठ्याने म्हणे, सुनेच्या हाताला चव आहे. वेदिका लांज्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाकरी यांत तिचा हात कोणी धरला नसता. वडिलांचा पिकअप ती आंब्याच्या पेट्या भरून बाजारात न्यायची. पण मासा म्हणजे तिच्या माहेरी ओढ्या-वहाळातला, नाहीतर सुकट. सुरमईचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती म्हणाली होती, आई, हिला कुठून धरू?

जयगडला गाडी जेटीवर चढली, म्हणजे त्या लोखंडी फेरीबोटीवर. पलीकडचा तवसाळचा किनारा समोर दिसत होता, हाक मारली तर ऐकू जाईल असा. पण खाडीचं तोंड तिथेच असल्याने भरतीची लाट आत येत होती आणि फेरीबोट सावकाश, प्रेमाने, वरखाली होत होती. वेदिका मोबाइल घेऊन कठड्याशी धावली. सागर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या गाडीच्या नंबरपाटीकडे बघत बसला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. संध्याने पिशवीतून आल्याचा तुकडा काढून मागून पुढे दिला. त्याने मान न वळवता तो घेतला.

गंगारामने हे पाहिलं. संध्याने त्याला पाहताना पाहिलं. मग तो सोलकढीची बाटली आणखी सरळ धरून खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वारा उत्तरेचा हाय."

पलीकडे उतरल्यावर रोहिल्याकडे जाणाऱ्या वाटेने वेदिका गाडी चालवायला बसली. सागरला फोटो काढायचेत म्हणून, असं ती म्हणाली. त्याने एकही काढला नाही.

हेदवीच्या दशभुजा गणपतीचं दर्शन होईपर्यंत माशाचा डबा उघडायचा नाही हा संध्याचा नियम, त्यामुळे सकाळपासून घावणे आणि उसळ यांवर भागवावं लागलं होतं. गाडीभर बांगड्याच्या तिखल्याचा वास कोंडलेला, आणि तो डबा गंगारामच्याच मांडीवर. देवासमोर तो हात जोडून फार वेळ उभा राहिला नाही. पायऱ्या उतरताना गुडघा धरून म्हणाला, आता सोडा उपास.

पालशेतच्या पुढे, काजूच्या झाडाखाली चादर अंथरून डबा उघडला. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, कापलेला कांदा, आणि सगळ्या धक्क्यांतून सुखरूप आलेली सोलकढी. बांगड्याला तिरफळं नेमकी पडली होती, जिभेला झिणझिण्या याव्यात पण जीभ मरू नये इतकीच. गंगारामने तीन खाल्ले, काटे ओळीने मांडून ठेवले आणि म्हणाला, "सूनबाय, झकास झालंय." वेदिका म्हणाली, घ्या ना बाबा अजून. सागर भाकरीचा तुकडा मोडत हसला. ऊन पानांतून सांडत होतं, खाली समुद्राचा आवाज येत होता, आणि संध्याला वाटलं, चाळीस वर्षांची असताना हे कोणी आपल्याला का सुचवलं नाही.

तेव्हाच गंगारामचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालत, कारण फोनचा आवाज असा मोठा असे की पलीकडचा माणूस शेजारीच बसलाय असं वाटावं. सागर आणि वेदिका हात धुवायला गेली होती. फोनवर काशीचा मुलगा सूरज होता, स्वतःची बोट असलेला. तो म्हणाला, मामा, पहाटे चारला सुटतोय हां, आठ दिवसांची फेरी. सागरच्या झोपायची सोय इंजिनाजवळ केलीय, तिथे कमी हलतं.

गंगाराम म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला.

संध्याने भाकरी खाली ठेवली.

तो तिच्याकडे न बघता बोलला. आपल्या बोटीवर दीपकसमोर नको, आपल्या बंदरात नको. इथे सूरज घरचा आहे, सांभाळून घेईल. आठ दिवसांत अंग सरावतं. मलाही पहिल्या वर्षी होत होतं, कोणाला सांगितलं नाही. गुडघा आता माझा नाही. येत्या अमावस्येपासून 'ठमाई' सागरने घ्यावी.

"त्याला सांगितलंत?"

"काशीआक्का सांगेल. जेवताना."

एवढ्यासाठी हा माणूस डबे मांडीवर घेऊन आला होता. संध्याला रागापेक्षा वाईट याचं वाटलं, की कमी हलणारी जागा कुठली हे त्याने विचारून ठेवलं होतं. म्हणजे काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं. फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं.

धोपाव्याच्या फेरीबोटीवर सागर पुन्हा गाडीतच बसला, या वेळी डोळे मिटून, आणि गंगाराम त्याच्या मागे. संध्या वेदिकाला घेऊन पार पुढे, साखळदंडाशी गेली. तिथे इंजिनाच्या आवाजात बोललेलं मागे ऐकू जात नव्हतं. तिने सगळं सांगितलं. वेदिकाचं तोंड उतरलं, मग ताठ झालं.

"ते जातील," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत. पहिल्यांदा पण नव्हते म्हणाले."

"आणि ती मालगुंडची शेड?"

वेदिकाने चमकून पाहिलं. मग हळूहळू बोलली. शेड तिच्या मावशीच्या दिराची आहे, तो द्यायला तयार आहे. भाकऱ्या आणि उसळ हिची, मासे त्याचे. गणपतीपुळ्याहून जयगडला जाणारी माणसं घरचं जेवण कुठे मिळेल म्हणून विचारत फिरतात. खाणावळीच्या पाटीवरचं नावही ठरलंय. फक्त घरी कसं सांगायचं ते ठरत नाही, कारण शेडचं सांगायचं तर बोटीचं सांगावं लागणार. "आई, तुम्ही सांगाल का?"

संध्याने समोर येणाऱ्या दाभोळच्या धक्क्याकडे पाहिलं. आठ वर्षं ती नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये पडद्यासारखी लटकत होती, दोन्हीकडून बरी दिसेल अशी. पडदा स्वतः बोलत नाही.

"बघते," ती म्हणाली.

बुरोंडी, लाडघर करत हर्णेला पोचले तेव्हा मासळीच्या लिलावाची वेळ झाली होती. वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, बोली करणाऱ्यांची हाकाटी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध काशी, नऊवारीचा काष्टा आवळून, एक हात कमरेवर ठेवून उभी. तिने आधी सुनेची हनुवटी धरून तोंड या अंगाने त्या अंगाने पाहिलं, माशाचा ताजेपणा बघावा तसं. मग समाधान झाल्यागत मान हलवली.

"बरी हाय. आता हात बघू." तिने पायाजवळच्या टोपलीतून हातभर सुरमई उचलली. "आजचं कालवण नव्या सुनेचं. मिक्सर नाय हां. पाट्यावर वाटायचं, आमच्या आयसच्या रीतीनं."

संध्या म्हणाली, वन्सं, ती प्रवासातून आलीय, मी करते. काशी म्हणाली, तुझ्या हातचं तीस वर्षं खाल्लं, त्यात आता नवीन काय. आणि सुरमईचं डोकं बोटांनी थोपटत पुढे म्हणाली, "डोकं अख्खं ठेवा. ते कोणाच्या पानात जायचं ते मी सांगेन."

हा काशी-गंगारामच्या आईने, ठमाबाईंनी, घालून दिलेला रिवाज. घरात मोठा मासा झाला की डोकं तांडेलाच्या पानात, मग समोर कितीही मोठा पाहुणा असो. गंगाराम एकतीस वर्षं ते खात आला होता, आणि आता तो वाळूकडे बघत होता.

काशीच्या घरी स्वयंपाकघर मागच्या अंगाला, त्याला लागून पडवी, आणि पुढे ओटा. पुढची अर्धी घटका संध्याने आयुष्यात केली नाही इतकी बडबड केली. तिने काशीला ओट्यावर बसवलं आणि काशीच्या जावेची चौकशी सुरू केली. तो विषय निघाला की काशीला उठवणं कोणालाच शक्य नव्हतं. सागर 'गाडी नीट लावून येतो' म्हणून गेला आणि मागच्या दाराने आत शिरला. गंगाराम पडवीत आरामखुर्चीवर पाय लांब करून पडला होता, डोळे मिटून.

आतून पाट्यावर वरवंट्याचा आवाज सुरू झाला. घर्र, घर्र, एका लयीत, वजन टाकून. काशीने जावेची निंदा क्षणभर थांबवली आणि कौतुकाने कान दिला.

संध्यानेही कान दिला. नव्या सुनेच्या हातात डझनभर बांगड्या. ती पाटा वाटते तर बांगड्या वाजायला नकोत?

"मिठाचा डबा दाखवून येते," ती म्हणाली आणि जवळजवळ धावत आत गेली. पाट्यासमोर सागर बाह्या सरसावून बसला होता, खोबरं आणि मिरची वाटून लोण्यासारखी होत आलेली. वेदिका शेजारी कोकमं भिजवत उकिडवी बसली होती.

"बांगड्या," संध्या कुजबुजली. "बांगड्या वाजव गो."

वेदिकाला उमजायला क्षण लागला. मग तिने दोन्ही हात पाट्याच्या वर धरून हलवायला सुरुवात केली. किणकिण किणकिण. सागरने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं, तो हसतोय म्हणून तिला, आणि ती दोघं तोंडात पदर आणि रुमाल कोंबून, एक वाटतंय आणि एक वाजवतंय, अशी लालभडक होऊन हलत राहिली. संध्या चुलीकडे तोंड करून उभी राहिली, कारण हसू दाबून तिचंही पोट दुखायला लागलं होतं. सकाळपासून, आरे-वारेपासून, काजूच्या झाडापासून, आजचा दिवस असाच होता. आणि ही दोघं अशी हसतात हे तिने घरी कधी पाहिलं नव्हतं. घरी दोघं दबकूनच असत.

हळदीचा हात, भिजवलेली कोकमं, वरून तेलात ठेचलेला लसूण. सागरने कालवणाला उकळी येऊ दिली, मग तुकडे सोडले आणि झाकण न ठेवता बाजूला उभा राहिला, कान देऊन. तो कालवण बघत नसे, ऐकत असे. बोटीवर जो पोर ताठ उभा राहू शकला नव्हता, तो इथे चुलीपुढे असा उभा होता की संध्याला त्याच्या आज्याचा सुकाणूवरचा जुना फोटो आठवला. ती पटकन बाहेर आली.

सूरजला पहाटे निघायचं म्हणून दिवेलागणीलाच पानं मांडली. सूरज, गंगाराम, सागर एका ओळीत, समोर काशी वाढायला, आणि बायकांची पानं कडेला. काशीने सगळ्यांना भात वाढला, कालवण वाढलं, स्वतः बोट बुडवून चाटलं आणि थांबली. पुन्हा चाटलं.

"ही तर आमच्या आयसची चव," ती म्हणाली. "गंगाराम, नशीब काढलंस. शेतकऱ्याची पोर, पण हात खारवलेला हाय."

वेदिकाने मान खाली घातली. बघणाऱ्याला ती लाजली असंच वाटलं असतं.

मग काशीने टोपात हात घालून सुरमईचं डोकं बाहेर काढलं. गंगारामच्या पानावरून हात पुढे नेला आणि ते सागरच्या पानात ठेवलं. रस पसरून भातात गेला. ती म्हणाली की बापाचा गुडघा गेलाय, तेव्हा आता हे डोकं पोरानं खायचं. सूरज पहाटे चारला सुटतोय, आठ दिवस त्याच्याबरोबर जाऊन ये, आणि अमावस्येला 'ठमाई'वर चढ. कपडे-बिपडे सूरजचे होतील तुला.

सूरज म्हणाला, जागा केलीय भावा, इंजिनाजवळ.

सागर पानातल्या डोक्याकडे बघत होता. त्याच्या वरच्या ओठावर पुन्हा तो घाम आला, इथे, जमिनीवर, पाटावर बसलेला असताना. त्याने एकदा वेदिकाकडे पाहिलं, एकदा बापाच्या लांब केलेल्या गुडघ्याकडे.

"जातो," तो म्हणाला.

वेदिकाच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. तिने संध्याकडे पाहिलं. आता, असं ते बघणं होतं. शब्द जिभेवर होते, फेरीबोटीपासून ती ते घोळवत होती, पण समोर नणंद होती, परकं घर होतं, आठ वर्षांची सवय होती. तिने तोंड उघडलं. "वन्सं, मी काय म्हणते..."

"आक्का," गंगाराम म्हणाला. "पाटा कोणी वाटला?"

"कोणी म्हणजे? सुनेनं. ऐकला नाय आवाज?"

"ऐकला. बांगड्या वाजत होत्या," गंगाराम म्हणाला. तो आपल्या पानाकडे बघून बोलत होता, सावकाश, प्रत्येक शब्द जड असल्यासारखा. "पण वरवंट्याच्या तालात नव्हत्या. आमच्या घरी पण पहाटे खोबरं कोण खवतं ते मला ऐकू येतं. मी बहिरा नाय, फोन तेवढा मोठा ठेवतो."

संध्याचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. आठ वर्षं तिला वाटत होतं की त्या पहाटा तिच्या एकटीच्या आहेत.

काशी काही विचारणार होती, पण भावाने हात वर केला. मग तो जरा पुढे वाकला. गुडघ्यामुळे त्याला ते कठीण गेलं. सागरच्या पानातलं डोकं त्याने दोन्ही हातांनी उचललं, आपल्या पानावरून नेलं, आणि सूरजच्या पानात ठेवलं. कालवणाचे थेंब त्याच्या स्वतःच्या भातावर पडले.

"हे तुझं. पहाटे याच्यासाठी थांबू नको," तो सूरजला म्हणाला. मग सागरकडे वळला. एवढ्या वर्षांत संध्याने त्याला मुलाच्या तोंडाकडे इतकं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"याला बोट लागते, आक्का. आज खाडी ओलांडताना पण लागली. पहिल्यांदा लागली तेव्हा बंदरावर मी खोटं बोललो. पोट बिघडलं नव्हतं त्याचं."